वाढ पुरी होईपर्यंत

सांगली-साताऱ्याकडच्या तालमींत अकरा-बारा वर्षांची पोरं लंगोट लावून हौद्यात उतरतात. त्यातल्या एखाद्याच्या छातीची एक बाजू सपाट असेल तर ते वस्तादाच्या नजरेतून सुटत नाही. हात जोडून जोर लावायला सांगितलं की एका बाजूचा स्नायू टरारून उठतो आणि दुसऱ्या बाजूला काखेची पुढची कड हाताला लागतच नाही. मग घरचे त्याला मिरजेला नाहीतर कराडला दाखवायला नेतात. हेच वैगुण्य त्याच्या बहिणीला असलं तर ते बघणारा कुणी नसतो. ती ओढणी नीट करते, एका बाजूला रुमालाची घडी ठेवते आणि आईलाही सांगत नाही. पुष्कळदा ही गोष्ट पहिल्यांदा उघड होते ती लग्नानंतर, आणि तेव्हा तिच्याकडे बघणारी नजर वस्तादाची नसते.

या प्रकरणात जन्मतः वेगळ्या घडणीच्या स्तनांची आणि त्यांच्यावरच्या शस्त्रक्रियांची माहिती आहे. या शस्त्रक्रिया होतात, चांगल्या होतात आणि आपल्या भागातल्या मुलींपासून फार दूरही राहिलेल्या नाहीत. मात्र त्यांचं यश सर्जनच्या हाताइतकंच त्या कोणत्या वयात आणि कुणाच्या सांगण्यावरून होतात यावर अवलंबून असतं. मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते याबद्दल.

तालमीतल्या त्या पोराच्या छातीला वैद्यकात पोलंड सिंड्रोम म्हणतात. पोलंड देशाशी त्याचा काही संबंध नाही. 1841 साली लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये आल्फ्रेड पोलंड नावाचा तरुण शवविच्छेदन करत होता. समोर 27 वर्षांच्या एका कैद्याचा देह होता. त्याच्या डाव्या बाजूचा छातीचा मोठा स्नायू जवळजवळ नव्हता आणि त्याच बाजूच्या हाताची बोटं आखूड आणि जोडलेली होती. पोलंडने ते टिपून ठेवलं. पुढे एकशे एकवीस वर्षांनी, 1962 साली, त्याच रुग्णालयातले प्लास्टिक सर्जन पॅट्रिक क्लार्कसन यांनी तशाच एका रुग्णावर काम करताना जुनी नोंद शोधून काढली आणि या अवस्थेला त्याचं नाव दिलं. साधारण 30 हजार जन्मांमागे एकाला ती असते असं मानतात, मुलांमध्ये जास्त, आणि बहुतेक वेळा उजव्या बाजूला. बाकीचे स्नायू काम वाटून घेतात, त्यामुळे ताकदीत फारसं उणं पडत नाही. फ्रान्सचा मुष्टियोद्धा जेरोम तोमा याला हीच अवस्था होती. त्याने 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये कांस्य आणि 2004 च्या अथेन्समध्ये रौप्यपदक जिंकलं. खाशाबा जाधवांच्या मुलखातल्या पोराने छातीकडे बघून कुस्ती सोडायचं काही कारण नाही.

मुलीच्या बाबतीत स्नायूबरोबर स्तनही लहान राहतो, कधी अजिबातच वाढत नाही. स्तनाग्र बारीक आणि वर सरकलेलं असतं, त्या बाजूला काखेत केसही कमी येतात.

याचं मूळ गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या आसपास आहे. हाताकडे आणि छातीकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतला प्रवाह त्या दिवसांत काही काळ अडला असावा, असं बहुतेक तज्ज्ञांचं मत आहे. त्या आठवड्यांत पुष्कळ बायांना दिवस गेलेत हेसुद्धा नीट कळलेलं नसतं. म्हणून ग्रहणात काय कापलं, कुठे वाकली, काय खाल्लं, हे आईला विचारणं सोडून द्यावं. तिने काही केलेलं नाही.

त्याच सुमाराला गर्भाच्या अंगावर काखेपासून जांघेपर्यंत दोन्ही बाजूंना त्वचेची एक उंच रेघ उमटते. तिला दुग्धरेषा म्हणतात. प्राण्यांमध्ये या रेषेवर सडांची रांग तयार होते. माणसात छातीवरचा तुकडा राहतो आणि बाकीची रेघ विरून जाते. ती पुरती विरली नाही तर छातीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागावर एखादं जादा बोंड राहतं, ज्याला आपण आयुष्यभर तीळ किंवा मस समजतो. रेषेचा वरचा शेवट राहिला तर काखेत स्तनाची ऊती उरते. शंभरातल्या दोन ते सहा स्त्रियांमध्ये अशी जादा ऊती सापडते, म्हणजे हे दुर्मिळ नाही. मुलगी वयात आली की तिथे मऊ फुगवटा दिसतो, पाळीच्या आधी दुखतो, आणि बाळंतपणात दूध उतरलं की ताणून टणक होतो. गावात त्याला काखमांजरी समजून शेकतात, लेप लावतात, आणि कुणी चीरही देतो. ती चीर चुकीची असते, कारण आत पू नसतो. बाळंतपणातला फुगवटा थंड पट्ट्यांनी आणि काही दिवसांच्या धीराने उतरतो. पुढे रोजचाच त्रास होत असेल तर काखेच्या घडीत चीर घेऊन ती ऊती काढता येते. शस्त्रक्रियेनंतर दंडाच्या आतल्या बाजूला काही काळ बधिरपणा राहू शकतो, कारण तिथली बारीक नस त्याच वाटेने जाते. एक गोष्ट लक्षात ठेवायची: स्तनाला जे जे आजार होतात ते या ऊतीलाही होऊ शकतात. तिथे नवी टणक गाठ आली तर तपासायलाच हवी.

आता जन्मानंतर, आपल्याच हातून, घरात होणाऱ्या नुकसानीकडे वळतो. हा भाग मला शस्त्रक्रियेपेक्षाही महत्त्वाचा वाटतो.

नवजात बाळाची छाती पहिल्या आठवड्यात थोडी फुगते, दाबली तर दुधासारखे थेंबही येतात. मुलगा असो वा मुलगी, आईच्या रक्तातून आलेल्या संप्रेरकांचा हा परिणाम असतो आणि काही आठवड्यांत तो आपोआप ओसरतो. पण बाळाला न्हाऊ घालणारी बाई तेल लावता लावता ती छाती पिळते. मुलगी असली तर जास्तच, कारण पिळलं नाही तर बोंडं आत राहतात अशी समजूत आहे. पिळल्याने त्वचेवरचे जंतू आत शिरतात, पू होतो, चीर द्यावी लागते. बोंडाखाली तांदळाच्या दाण्याएवढी जी स्तनाची कळी असते ती त्यात जखमी झाली तर बारा-तेरा वर्षांनी त्या बाजूला स्तन वाढत नाही किंवा वेडावाकडा वाढतो. तोवर त्या आंघोळीची आठवण कुणाला राहिलेली नसते, आणि मुलीला सांगितलं जातं की हे जन्मतःच आहे.

दुसरा धोका आठव्या-नवव्या वर्षी येतो. एका बोंडाखाली बटणासारखी टणक, दुखरी गाठ हाताला लागते. दुसरी बाजू सपाट. घरात घाबरगुंडी उडते, कॅन्सर हा शब्द कुणीतरी उच्चारतं. खरं तर वाढीची ती पहिली पायरी असते. एक बाजू दुसरीच्या आधी काही महिने सुरू होणं अगदी नेहमीचं आहे. ही गाठ काढायला किंवा तिचा तुकडा तपासायला घेतला, तर सर्जन त्या मुलीचा सगळा स्तनच काढून टाकत असतो, कारण पुढे ज्यातून स्तन होणार ती कळी एवढीच असते. शंका असेल तर सोनोग्राफी करावी, सहा महिने थांबून पुन्हा बघावं. छोट्या गावातल्या नर्सिंग होममध्ये कुणी लगेच चाकू लावायची भाषा केली, तर तिथून उठून दुसऱ्या डॉक्टरकडे जायचा आईबापांना पूर्ण अधिकार आहे.

शाळेतल्या आरोग्य तपासणीत हे का सापडत नाही, असं विचारलं जातं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. 18 वर्षांपर्यंतच्या मुलामुलींची तपासणी त्यात होते. जन्मजात दोषांच्या त्याच्या यादीत दुभंगलेला ओठ आहे, वाकडं पाऊल आहे, हृदयाचं छिद्र आहे. जन्मताच दिसणारे किंवा जीवावर बेतणारे दोष त्यात आधी घेतले, हे बरोबरच झालं. स्तनाची घडण मात्र जन्माच्या वेळी दिसत नाही. ती दिसू लागते तेरा-चौदाव्या वर्षी, आणि तेव्हा वर्गात रांगेने होणाऱ्या तपासणीत कुठलीही मुलगी तो विषय काढणार नाही. किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत असलेली मैत्री क्लिनिकं खरं तर याच बोलण्यासाठी आहेत. आशाताईंनी आणि शाळेतल्या बाईंनी मुलींना तिथला दरवाजा दाखवला तर बरंच काही सोपं होईल.

वयात येताना साधारण तीन ते पाच वर्षं स्तनांची वाढ चालते. दोन्ही बाजूंत थोडा फरक जवळजवळ सगळ्यांमध्येच असतो आणि वाढ संपता संपता पुष्कळसा भरून निघतो. राहिलेला फरक ठळक असेल तर त्यामागे पोलंड सिंड्रोम, एका बाजूची अपुरी वाढ, एका बाजूची अतोनात वाढ, किंवा ज्याचं नाव सर्वात कमी ऐकलं जातं तो आवळलेला स्तन असू शकतो. याचं वर्णन अमेरिकेतल्या रीस आणि अ‍ॅस्टन या सर्जननी 1976 साली केलं. या घडणीत स्तनाच्या बुडाशी तंतूंचा एक कडक कडा असतो. पिशवीची नाडी ओढून घ्यावी तसा तो स्तनाला खाली आणि बाजूंना पसरू देत नाही. वाढणारी ऊती मग एकाच मोकळ्या वाटेने, बोंडाभोवतीच्या काळसर वर्तुळातून पुढे येते. त्यामुळे वर्तुळ रुंद आणि फुगीर होतं, स्तन लांबट आणि बुडाशी अरुंद दिसतो, खालचा भाग जवळजवळ नसतो, आणि दोन स्तनांमध्ये रिकामी जागा जास्त राहते. मुलीला वाटतं आपला स्तन लहान आहे किंवा आधीच ओघळला आहे. डॉक्टरही कधीकधी तसंच समजून नुसतं रोपण बसवतात. मग कडा तसाच राहतो आणि एकावर एक दोन उंचवटे दिसतात. ते दुरुस्त करणं पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा कठीण असतं.

बरोबर केलेल्या शस्त्रक्रियेत वर्तुळाच्या कडेने चीर घेतात. सावळ्या कातडीवर वण उठून दिसतो, छातीच्या मधोमध तर तो वाढतही जातो, म्हणून रंग बदलतो त्याच रेषेवर चीर घेणं फायद्याचं. आत जाऊन तो कडा ठिकठिकाणी छेदतात, खालचा भाग मोकळा करून पसरतात, स्तनाखालची घडी योग्य जागी उतरवतात आणि वर्तुळ लहान करून आतून गोल टाक्याने बांधतात. ऊती पुरेशी असेल तर तीच उलगडून खालची पोकळी भरता येते, बाहेरचं काही घालावं लागत नाही. कमी पडली तर दोन मार्ग आहेत: सिलिकॉनचं रोपण किंवा पोट-मांडीतली स्वतःची चरबी. कातडी फारच आवळलेली असेल तर आधी आत रिकामी पिशवी ठेवतात, दर आठवड्या-दोन आठवड्यांनी सुईने थोडं थोडं सलाइन भरत जातात, आणि कातडी पुरेशी सैल झाल्यावर पिशवी काढून कायमची भरणी करतात.

सिलिकॉन रोपणाची पहिली शस्त्रक्रिया 1962 साली अमेरिकेत ह्यूस्टनला झाली. टिमी जीन लिंडसे ही बाई छातीवरचं गोंदण काढायला आली होती. थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो या डॉक्टरांनी तिला रोपण सुचवलं. तिच्या मनात होतं ते कान दुरुस्त करून घेणं. तेही करून देऊ असं सांगितल्यावर ती तयार झाली. इतकी वर्षं उलटली, पण डॉक्टरांचा उत्साह आणि बाईची इच्छा यांतलं अंतर तपासून बघण्याची गरज अजून संपलेली नाही. रोपण जन्मभर टिकत नाही. ते फुटतं, त्याभोवतीचं आवरण आकसून टणक होतं, आणि दहा-पंधरा वर्षांत अनेकींना पुन्हा टेबलावर जावं लागतं. खरखरीत पृष्ठभागाच्या रोपणांचा लसिकापेशींच्या एका दुर्मिळ कर्करोगाशी संबंध दिसल्यावर 2019 साली एका मोठ्या कंपनीने आपली तशी रोपणं जगभरातून मागे घेतली. विशीतल्या मुलीला रोपण सुचवणाऱ्याने तिला हे सगळं सांगितलंच पाहिजे.

चरबी घालण्याची पद्धत मोहक वाटते, कारण ती आपलीच असते. तिच्याही मर्यादा आहेत. घातलेल्या चरबीतली निम्मी किंवा थोडी अधिक टिकते, बाकी शरीर शोषून घेतं. म्हणून तीन-चार किंवा सहा महिन्यांच्या अंतराने दोन-तीन वेळा करावं लागतं. अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने 1987 मध्ये स्तनात चरबी घालायला विरोध केला होता, कारण आत उरणाऱ्या चुनखडीच्या कणांमुळे कर्करोगाच्या तपासणीत घोटाळा होईल अशी भीती होती. एक्स-रेची तंत्रं सुधारली, अनुभव जमला आणि 2009 मध्ये त्यांनी ती भूमिका बदलली.

पोलंड सिंड्रोममध्ये स्नायूच नसतो, तेव्हा पाठीचा रुंद स्नायू पुढे आणायचा उपाय आहे. त्याचा एक टोकाचा भाग सोडवतात, काखेतून येणारी त्याची रक्तवाहिनी मात्र अखंड ठेवतात, आणि बगलेतून फिरवून छातीवर पसरतात. इटलीचे सर्जन तान्सिनी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कर्करोगाच्या रुग्णांसाठी हे केलं. पण ऊती हलवायची ती तिच्या रक्तपुरवठ्यासकट, हे सूत्र आपल्या मुलखाला त्याच्या शंभर वर्षं आधीपासून ठाऊक होतं. म्हैसूरच्या लढाईत इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक बसवलं. दोन भुवयांमधला कातडीचा देठ त्याने सुमारे 25 दिवस तोडला नाही, कारण तोवर नव्या नाकाला रक्त त्याच वाटेने मिळत होतं. इंग्रज डॉक्टरांनी हे पाहिलं, ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याचं चित्र आणि वर्णन छापून आलं, आणि 1814 मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. आज पाठीचा स्नायू पुढे आणणारा सर्जन देठ सांभाळतो तो याच नियमाने. एक खबरदारी मात्र हवी: काही रुग्णांत त्याच बाजूचा पाठीचा स्नायूही अपुरा असतो, म्हणून बेत ठरवण्याआधी तो तपासून घ्यावा लागतो.

आत वळलेली बोंडं हा वेगळा आणि बराच आढळणारा प्रकार आहे. बोटांनी ओढल्यावर बाहेर येऊन थोडा वेळ टिकणारी, लगेच आत जाणारी आणि अजिबात बाहेर न येणारी, अशा तीन पायऱ्या सर्जन मानतात. पहिल्या दोन पायऱ्यांत शस्त्रक्रियेची घाई करू नये, कारण बाळाने ओढल्यावर बोंड पुष्कळदा आपोआप सुधारतं. दावणगेऱ्याच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. निर्मला केसरी यांनी 1993 साली यासाठी एक अतिशय स्वस्त उपाय वैद्यकीय नियतकालिकात मांडला. 10 मिलिची सिरिंज घ्यायची, सुई लावायचं टोक कापून टाकायचं, दट्ट्या त्या कापलेल्या बाजूने आत घालायचा, म्हणजे गुळगुळीत बाजू अंगाला लागते. ती बोंडावर ठेवून दट्ट्या हळूच मागे ओढायचा आणि थोडा वेळ धरून ठेवायचा. आपल्या प्रसूती कक्षांत परिचारिका अजूनही हे आयांना शिकवतात. तिसऱ्या पायरीत शस्त्रक्रियाच लागते, पण तिच्यात दुधाच्या नळ्या कापल्या जाऊ शकतात. मूल होऊ द्यायचं असेल तर हे आधी समजून घ्यायला हवं. आणि आजवर सरळ असलेलं एकच बोंड तिशी-चाळिशीत आत ओढलं गेलं तर ते जन्मजात नसतं. लगेच तपासणी करायची.

दुधाचा प्रश्न आवळलेल्या स्तनाच्या बाबतीतही येतो. त्यात दूध तयार करणारी ऊतीच कमी असू शकते. अशा काही आयांना कितीही इच्छा असली, हळीव-मेथी खाल्ली, बाळाला वेळेवर छातीला लावलं, तरी पुरेसं दूध येत नाही. सून दूध पाजायला कंटाळा करते, असं म्हणणाऱ्या घराला हे माहीत नसतं. अशा बाळाला डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचं दूध द्यावं लागलं तर त्यात आईचा दोष नाही.

मग शस्त्रक्रियेचं वय कोणतं? साधारण नियम असा की वाढ थांबलेली असावी, वर्षभरात मापात फरक पडलेला नसावा, आणि मुलगी अठरा पूर्ण असावी. फरक फारच मोठा असेल तर चौदा-पंधराव्या वर्षी लहान बाजूला सलाइनची पिशवी ठेवून दुसऱ्या बाजूच्या वाढीबरोबर ती भरत नेतात. अतोनात वाढीने मान-पाठ दुखत असेल, कातडी फाटत असेल, तरीही आधी विचार करता येतो. बोस्टनच्या बालरुग्णालयात ब्रायन लाबो यांच्या पथकाने 2014 साली दाखवलं की स्तनांत ठळक फरक असलेल्या किशोरवयीन मुलींच्या मनावर त्याचा खरोखर मोठा भार असतो. म्हणून थांबायचं म्हणजे मुलीला गप्प बसवायचं असं नव्हे. थांबण्याच्या काळात दोन्ही बाजू सारख्या दिसतील अशी भरीव कप असलेली ब्रा, सहा-आठ महिन्यांनी माप आणि फोटो, आणि मोकळं बोलणं, एवढं तर तिला मिळालंच पाहिजे.

आपल्याकडे हे वय लग्न ठरवतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. ज्या मुलीच्या छातीची वाढ अजून पुरी व्हायची आहे तिचं लग्न होऊन गेलेलं असतं. दुसरीकडे, पसंती झाली, तारीख निघाली आणि मग आई मुलीला घेऊन सर्जनकडे जाते: दोन महिन्यांत करून द्या, कुणाला कळायला नको. सर्जनने इथे नाही म्हणावं असं मला ठामपणे वाटतं. वण सहा महिने ते वर्षभर लाल आणि जाड राहतात. चरबीचा दुसरा टप्पा अजून व्हायचा असतो. सूज उतरून खरा आकार दिसायलाच काही महिने जातात. वैद्यकाच्या दृष्टीनेही ती घाई वाईट आणि मुलीच्या दृष्टीने त्याहून वाईट, कारण तिला स्वतःला काय हवं हे त्या दोन महिन्यांत कुणी विचारतच नाही. शस्त्रक्रिया नको असं ठरवणारी मुलगीही तितकीच बरोबर असते. हा आजार नाही, न केल्याने काही बिघडत नाही.

खर्चाचा प्रश्न मला अस्वस्थ करतो. विमा नियामकाने 2019 साली आरोग्य विम्यातल्या वगळण्यांची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली. रूप बदलणारी प्लास्टिक सर्जरी त्यात वगळलेली आहे. सूट आहे ती अपघात, भाजणं, कर्करोग यानंतरच्या पुनर्रचनेला किंवा तब्येतीला थेट धोका असेल तेव्हा. जन्मतः अपुरी राहिलेली छाती या सुटीत नाही. स्तन कर्करोगात गेला तर तो परत घडवणं उपचार आणि तो कधी घडलाच नाही तर ते सौंदर्यसाधन, हा भेद मला अन्यायाचा वाटतो. रूप म्हणजे चैन नाही, हे आपल्या भागातल्या डॉक्टरांनी कुष्ठरोगाच्या बाबतीत फार पूर्वी ओळखलं होतं. इंग्लंडमध्ये प्लास्टिक सर्जन गिलीज यांच्याकडे शिकून आलेले डॉ. नोशीर अँटिया यांनी पुण्यात आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात कुष्ठरुग्णांची बसलेली नाकं पुन्हा उभी केली, कारण हात सुधारला तरी चेहरा सुधारल्याशिवाय गाव त्या माणसाला परत घेत नव्हतं. मिरजेतही कुष्ठरुग्णांसाठी रिचर्डसन रुग्णालय उभं राहिलं. जो न्याय नाकाला लावला तोच छातीला लावता येतो.

उपचारांची सोय सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांत नाही अशी परिस्थिती आता नाही. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 साली मिरजेत रुग्णालय उघडलं तेव्हापासून शस्त्रक्रियेसाठी लोक या गावाकडे येतात. तिथलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1962 चं, कराडचं कृष्णा 1984 चं. शिक्षणसंस्थांच्या रुग्णालयांत खर्च खासगीपेक्षा कमी येतो. तिथे प्लास्टिक सर्जनची ओपीडी कोणत्या वारी असते ते फोन करून विचारावं, आणि गरज पडली तर पुण्याच्या ससूनला किंवा मुंबईच्या केईएम, जे. जे.ला चिठ्ठी मागावी. सर्जनकडे एम.सीएच. किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी ही पदवी आहे ना, हे विचारण्यात संकोच करू नये. कॉस्मेटिक असं पाटीवर लिहायला कुणालाही फार अडचण येत नाही. तपासणीच्या वेळी खोलीत परिचारिका हवी, फोटो काढण्याआधी लेखी परवानगी हवी, आणि मुलीशी थोडा वेळ आईबापांशिवाय बोलणं व्हायला हवं. ती काय म्हणते ते सर्जनने केसपेपरवर तिच्याच शब्दांत लिहावं.

शस्त्रक्रिया झाल्यावर मिळणारी कागदपत्रं लग्नाच्या धांदलीत हरवू देऊ नयेत. रोपण असेल तर कंपनी, माप आणि क्रमांक असलेलं कार्ड जपून ठेवायचं. चरबी घातली असेल तर किती आणि कधी, हे डिस्चार्ज कार्डावर असतं. स्नायू हलवला असेल तर तेही. वीस वर्षांनी मॅमोग्राफी करायची वेळ येईल तेव्हा यंत्रावरच्या डॉक्टरांना हे आधी सांगावं लागतं. रोपण असेल तर फोटो वेगळ्या कोनातून घेतात, आणि चरबीच्या जुन्या कणांची नोंद समोर असली की त्यांना गाठ समजून सुई घालायची वेळ पुष्कळदा टळते.